पसंतीआधी जेवायचं नाही

मुलगी बघायला मी आजवर तीनदा गेले होते. धाकट्या दिरासाठी निफाडला, भाच्यासाठी नांदगावला आणि सख्ख्या भावासाठी सिन्नरला. सिन्नरची मुलगी घरातच नव्हती. आम्ही येणार म्हणून ती मावशीकडे पळून गेली होती, आणि आम्ही तिच्या धाकट्या बहिणीला बघून, पोहे खाऊन परत आलो. ती धाकटीच आज माझी भावजय आहे, त्यामुळे या विषयावर मी जास्त बोलत नाही.

चौथ्यांदा मी मुलगी बघायला गेले ती पेरू देशात. या नावावरून आमच्या मखमलाबादेत जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेले आहेत, नव्याने कोणी करू नयेत.

सार्थक माझा एकुलता एक मुलगा. द्राक्षाच्या मांडवाखाली रांगत मोठा झाला, शेतीचंच शिकला आणि तीन वर्षांपूर्वी तिकडच्या एका द्राक्ष कंपनीत नोकरीला गेला. जाताना म्हणाला होता, दोन वर्षांत येतो. तिसरं वर्ष लागलं आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने घसा खाकरला. मला तेव्हाच कळलं.

"मम्मी, एक मुलगी आहे. नेलिदा नाव."

"काय करते?"

"गाडी चालवते. चार बाय चार. इंका लोकांचे जुने पडके गड आहेत ना डोंगरात, ढगांच्या जंगलात, जिथे बस जात नाही, तिथे प्रवाशांना घेऊन जाते."

"म्हणजे ड्रायव्हर?"

"हो."

आमचे हे शेजारी बसून शेंगा फोडत होते. नाव घ्यायचंच तर भारत. बाग नव्हती तेव्हा यांनी वीस वर्षं पिकअप चालवली, पेठकडचे टोमॅटो सावळघाटातून नाशिकला आणले. मुलाच्या लग्नाची पहिली गोष्ट निघाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डिझेल हाय का?"

सार्थक म्हणाला, तुम्ही दोघं या, तिला बघा, तिच्या घरी चला. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. असा शब्द त्याने दिला, आणि तो शब्द ऐकूनच मी जायला तयार झाले. खरं सांगते, मी मुलगी बघायला निघालेच नव्हते, नाही म्हणायला निघाले होते. त्या पोरीवर माझा राग नव्हता. पण तिकडचा जावई झालेला मुलगा घरी कशाला येतोय? दिवाळीला फोनवर दिसेल, आणि मी फोनला ओवाळीन. तोंडावर न दुखवता नाही म्हणायची आपल्याकडे सोय आहे. चहा घ्यायचा, पोहे खायचे, घराचं कौतुक करायचं आणि उठताना म्हणायचं, "घरी जाऊन कळवतो." मी तेच करणार होते.

माझ्या सासूबाई, नवसाबाई, ऐंशीच्या पुढे आहेत आणि घरातले सगळे नियम त्यांच्याकडे आहेत. जेवणाचे तर फारच. पाहुणे आधी, मग पुरुष, मग पोरं, मग त्या स्वतः, आणि सून शेवटी. मला करपलेली भाकरी आवडते असा त्यांचा तीस वर्षांचा समज आहे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"पसंत पडल्याबिगर ताटाला बसायचं नाय. च्या घ्या, फराळ घ्या. पण एकदा का त्यांच्या घरी घास कालवला की सोयरीक झाली. मंग नाय म्हणायला तोंड राहत नाय."

"माहीत आहे, आत्याबाई."

"मी फोनवर बाकी काय इचारणार नाय. जेवले का, एवढंच इचारीन."

मग मी बॅग भरली. ऑगस्ट होता, श्रावण चालू होता, ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत बागेला आमची फारशी गरज नव्हती. ओटीचं सामान रीतीप्रमाणे घेतलंच, नकार द्यायचा असला तरी मोकळ्या हाताने कसं जायचं? हिरवा खण, हळदकुंकवाची डबी, शेंडीचा नारळ आणि दोन किलो चिवडा. यांनी काय घेतलं? दोर. पंचवटीतून नवा आणलेला, अंगठ्याएवढा जाड, पंधरा हात लांब.

"विमानाला बांधणार आहात का?" मी विचारलं.

"गाडीत बसायचंय ना दोन दिवस. दोराबिगर डोंगरात गाडी न्यायची नसती."

यावरून आमचं भांडण झालं आणि मी जिंकले. तरी दोर बॅगेत आला. तिथल्या विमानतळावर एक गोड दिसणारं कुत्रं माझ्या बॅगेपाशी येऊन बसलं आणि उठेचना. माझा नारळ जप्त झाला. दोर बघून तो अधिकारी हसला आणि तो त्याने परत दिला. हे मला पुढच्या दोन दिवसांत अकरा वेळा ऐकवण्यात आलं.

कुस्को नावाच्या गावात नेलिदा आम्हाला घ्यायला आली. ठेंगणी, दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या वर केलेल्या. तिने हात जोडून नमस्कार केला, आमच्या बॅगा एकटीने मागे टाकल्या, दोराने आवळल्या आणि गाडीभोवती फिरून चारही टायरांना लाथ मारून बघितली. हे तिच्या मागे मागे, हात पाठीशी बांधून. मग बॉनेट उघडलं आणि दोघांची डोकी आत गेली. बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता, पण पोरगी कोणी बघत नव्हतं. इंजिन बघत होते.

"जुनी हाय, पण ठेवलीय बघ कशी," हे बाहेर येऊन मला म्हणाले. ठेवणारीबद्दल बोलत होते की गाडीबद्दल, मी विचारलं नाही.

मी पुढे तिच्या शेजारी बसले, कारण मागे मला मळमळतं. सार्थक आणि हे मागे. नेलिदाला मराठीतला एकच शब्द येत होता, सार्थकने खास आमच्यासाठी शिकवलेला: "धरा." मोठं वळण आलं की ती समोरची नजर न काढता म्हणायची, "धरा," आणि मी दाराच्या वरची कडी धरायची.

रीतीचे प्रश्न मी विचारून घेतले. सार्थक मागून तिची भाषा माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे करत होता.

"भावंडं किती?"

"एकटीच आहे, मम्मी."

"स्वयंपाक येतो का?"

तिने बराच वेळ काहीतरी सांगितलं. सार्थक म्हणाला, "अंडी येतात."

"एवढं बोलली त्याचं एवढंच?"

"बाकीचं अंड्यांबद्दलच होतं."

मग तिने मला एक प्रश्न विचारला. "तुम्हाला गाडी येते का?" मी म्हटलं, नाही. "का?" आता याला काय उत्तर द्यायचं? घरात नेहमी पिकअप, ट्रॅक्टर, मोटरसायकल, सगळं होतं. मला कोणी शिकवलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, डोंगर छान आहेत.

डोंगर होतेच तसे. सप्तशृंगीचे तीन गड एकावर एक ठेवले तर होईल एवढ्या उंचीवर एक खिंड लागली. गार वारा, डोकं जड, श्वास अर्ध्यात संपायचा. तिथे दगडांची एक उतरंड होती. नेलिदाने गाडी थांबवली, खिशातून तीन हिरवी पानं काढली, त्यांच्यावर फुंकर घातली आणि दगडाखाली ठेवली. मी विचारलं नाही, मला कोणी सांगितलंही नाही, माझे हात आपोआप जोडले गेले. कसारा घाट चढून घाटनदेवीला हॉर्न न वाजवता पुढे गेलेला ड्रायव्हर मीही बघितलेला नाही. नेलिदाने माझ्या हातांकडे बघितलं. मी ते पटकन खाली घेतले. नाही म्हणायला आलेल्या बाईने एवढी सलगी दाखवू नये.

खिंडीपलीकडे रस्ता खाली उतरत गेला आणि आम्ही ढगात शिरलो. रात्री एका लहान गावात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सकाळी डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसता लाल चिखल. ढगांचं जंगल म्हणजे काय हे मला तोवर समजलं नव्हतं. पाऊस पडत नसतो, पण सगळं ओलं असतं. झाडांना शेवाळ, शेवाळाला नेचे, नेच्यांमधून जांभळी फुलं लोंबलेली, आणि समोर दहा हातांवर रस्ता गायब. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदीचा नुसता आवाज. नेलिदाने खाली उतरून पुढच्या चाकांचं काहीतरी फिरवलं, परत येऊन छोटा दांडा खाली ओढला आणि गाडी गुरगुरत, बैलासारखी एकेक पाऊल टाकत निघाली.

"बघ, ब्रेकला पाय नाय लावत," मागून हे म्हणाले. "उतार गियरवर सोडतीय. मी सावळघाटात असाच सोडायचो."

"मला माहीत आहे. मी शेजारी बसून देव आठवायची."

दुपारच्या आधी एका ओढ्यापाशी गाडी अडकली. वरून माती घसरून आली होती, गाडी पोटापर्यंत रुतली, चारही चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवू लागली. नेलिदाने इंजिन बंद केलं. हे सार्थकला म्हणाले, "सांग तिला, मागच्या चाकांना दोर गुंडाळ म्हणावं. रिमच्या भोकांतून ओवून, पाच-सहा वेढे. टायरला पकड येती. आमच्या काळ्या रानात..."

सार्थक सांगायला वळला, तर नेलिदा आधीच मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसून रिमच्या भोकांतून दोर ओवत होती. हे बघतच राहिले. मग हसू लागले. मी यांना इतकं हसताना बाग पहिल्यांदा धरली त्या वर्षी बघितलं होतं.

तिच्याकडचा मोकळा दोर एकाच चाकाला पुरला. बॅगा बांधलेला ती सोडायला निघाली, तेवढ्यात यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं. मग त्यांनी आपली बॅग उघडली आणि पंचवटीचा नवा कोरा दोर काढला. नेलिदाने तो हातात घेऊन पीळ बघितला, ओढून बघितला आणि यांच्या पाठीवर थाप मारली. सासरा होऊ घातलेल्या माणसाच्या पाठीवर अशी थाप मारलेली सून मी पाहिली नव्हती. यांना मात्र ती फार आवडली.

दुसऱ्या चाकाला दोर यांनी गुंडाळला. मी आणि सार्थकने मागून ढकललं. गाडी निघाली आणि तिने उडवलेला सगळा चिखल माझ्या अंगावर आला, तोंडापासून पायांपर्यंत. नेलिदा पाण्याची कॅन घेऊन धावत आली. माझा चेहरा तिने स्वतःच्या ओढणीसारख्या फडक्याने पुसला, कानामागचंसुद्धा. मी मुकाट्याने उभी राहिले. मला हसू येत होतं, आणि आलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

दीड वाजता तिच्या घरी पोचलो. जंगलात मोकळी केलेली जागा, पत्र्याची दोन घरं, मक्याचं छोटं रान. नेलिदाचे वडील इलारियो जवळच्या गडाचे राखणदार. कमी बोलणारा, टोपी हातात धरून उभा राहणारा माणूस. आई फेलिपा माझ्याच वयाची, आणि माझ्यासारखीच पदराला हात पुसायची सवय असलेली, फक्त तिच्याकडे पदराऐवजी ॲप्रन होता.

आत टेबल मांडलेलं होतं. चार रंगांचे उकडलेले बटाटे, अंगठ्याच्या नखाएवढ्या दाण्यांची कणसं, घेवड्याची उसळ, पांढरं ताजं चीज, हिरव्या मिरचीची वाटलेली चटणी. आमचा श्रावण आहे हे सार्थकने कळवलं होतं, म्हणून घरात मांसाचा तुकडा शिजवला नव्हता. फेलिपाने पहिली खुर्ची माझ्यासाठी ओढली.

आणि मी उभीच राहिले. "सार्थक, त्यांना म्हणावं आम्ही फक्त चहा घेऊ."

"मम्मी."

"चहा चालेल म्हणावं. बिनदुधाचासुद्धा चालेल."

"मम्मी, त्या पहाटेपासून उठून करतायत. इथे पाहुणा जेवला नाही तर..."

"आपलं अजून काही ठरलेलं नाही. तुला रीत माहीत आहे."

मी हट्टाने करत नव्हते, हे कोणी मानलं तर मानावं. मला नाही म्हणायचं होतं. त्यांचे चार रंगांचे बटाटे खाऊन, ढेकर देऊन, मग नाही म्हणणं ही मला लबाडी वाटत होती. उपाशी राहणं हाच माझ्या दृष्टीने त्यांचा मान होता. हे कणसाकडे बघत होते. त्यांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. पण आईचा नियम म्हटल्यावर तेही उभेच राहिले.

सार्थकने काय सांगितलं कोण जाणे. फेलिपाने एकेका भांड्यावर झाकण ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. नेलिदा चुलीपाशी उभी होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बघितलं. आम्ही चहा घेतला. त्यातच आमच्या यांनी शेजारच्या खोलीत जाऊन चिवड्याची पिशवी उघडली. दोन खोल्यांच्या मध्ये नुसती फळी होती. चिवडा किती मोठ्याने वाजतो ते त्या दिवशी मला कळलं.

थोड्या वेळाने इलारियोने दार वाजवलं. म्हणाला, उजेड आहे तोवर गड बघून येऊ. फेलिपा घरीच राहिली.

शेवटचा अर्धा तास गाडी वर चढत होती. नेलिदा "धरा" म्हणाली नाही, मी आपली आपणच धरत होते. मग ढगातून एक भिंत समोर आली. केवढे दगड, आणि दोन दगडांच्या मध्ये सुई जाईल एवढीही फट नाही. भिंतीतून झाडं उगवलेली, मुळं दगडांवरून खाली उतरलेली. पायऱ्यापायऱ्यांची शेतं डोंगराच्या कडेने खाली ढगात गेली होती. इलारियोने एका ठिकाणी ढासळलेली कड दाखवली. तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू, सगळ्यात वर काळी माती. हे खाली बसले, चिमूटभर माती घेऊन त्यांनी बोटांत चोळली.

"ही इथली नाय," म्हणाले. "खालून डोक्यावर वाहून आणलीय. पाचशे वर्षांपूर्वी." मग मातीचा हात त्यांनी कपाळाला लावला.

वाटेच्या कडेला एका ओळीत सात-आठ गोल खोल्या होत्या, छप्पर गेलेल्या. इलारियो तिथे थांबला आणि मला उद्देशून बोलू लागला. एरवी कमी बोलणारा तो, दोन दिवसांचं एकदम बोलत होता. सार्थकने सांगितलं, "या कोठारं होती. मका, बटाटे, सुकवलेलं धान्य. डोंगरातून चालत येणाऱ्याला आधी इथे जेवायला द्यायचे. कोण, कुठला, कशाला आलास, हे नंतर विचारायचे." जरा थांबून सार्थक म्हणाला, "ते विचारतायत, तुमच्याकडे पाहुणा उपाशी का राहतो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. म्हणून मीही खरं सांगितलं. मुलगी पसंत पडली तरच जेवायचं, नाहीतर नाही, अशी आमची रीत आहे.

सार्थकने हे सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. इलारियो टोपी फिरवत राहिला. नेलिदा पुढे आली आणि सरळ माझ्याकडे बघून बोलली. ते मला भाषा न येताही समजलं, पण सार्थकने सांगितलंच.

"म्हणजे मी पसंत नाही, म्हणते."

मी घरून नीट पाठ करून आणलेलं वाक्य होतं. घरी जाऊन कळवतो. ते बाहेर आलंच नाही. मी म्हणाले, "पसंत न पडायला काय झालंय? अशी पोर मला मागून मिळाली नसती. पण माझा एकच मुलगा आहे. तो इथे राहिला तर मी काय करू? मला भीती वाटते, एवढंच आहे. सांग तिला. जसंच्या तसं सांग, गोड करू नको."

त्याने तिला काही सांगितलंच नाही. तो माझ्याकडे वळला.

"मम्मी, आम्ही इथे राहणार नाही. दिवाळीनंतर नाशिकला येतोय. कायमचे. नेलिदानेच ठरवलं. तिला तिकडचे गड, घाट, सगळं बघायचंय, तिकडे हेच काम करायचंय."

"मग हे आधी सांगायला तुला काय झालं होतं?"

"आधी सांगितलं असतं तर तू हिला बघितलंच नसतंस. मुलगा परत येतोय, एवढंच बघितलं असतंस. आल्या पावली हो म्हणाली असतीस."

खरं होतं. मुलं आपल्याला इतकं ओळखतात हे बरं नाही.

"फेलिपाला माहीत आहे?" मी विचारलं.

"जानेवारीपासून."

मी त्या गोल खोलीच्या दगडावर बसले. जानेवारीपासून त्या बाईला माहीत होतं की आम्ही तिची एकुलती एक मुलगी न्यायला येणार आहोत. बस जाऊन येईल एवढ्या लांब नाही, दुनियेच्या पलीकडे. तरी ती पहाटे उठली, चार रंगांचे बटाटे सोलले आणि पहिली खुर्ची माझ्यासाठी ओढली. आणि मी, जिचं काहीच जाणार नव्हतं, तिच्या ताटावर झाकण ठेवायला लावून आले होते. मला रडू आलं. यांनी माझ्या खांद्यावर मातीचाच हात ठेवला.

"गाडी काढ म्हणावं तिला," मी सार्थकला म्हणाले. "मला भूक लागलीय."

नेलिदाने किल्ली यांच्यापुढे धरली. उतार संपल्यावर जंगलातला सपाट तुकडा यांनी चालवला, स्टिअरिंग उलट्या बाजूला असून. पहिल्याच वळणाला हे मोठ्याने म्हणाले, "धरा," आणि मागे बसलेली नेलिदा इतकी हसली की तिला खोकला लागला.

घरी गेल्यावर मी टेबलाकडे गेले नाही. फेलिपा चुलीपाशी खाली बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसले. भांडं ओढलं, झाकण काढलं आणि तिथेच निळसर बटाटा मिरचीच्या चटणीत बुडवून खाल्ला. चटणी अशी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे तेही निमित्त झालं. फेलिपा बघत राहिली. मग उठून वाढू लागली. तीनदा वाढलं. स्वतः मात्र काही खाईना. मला बघायला आले त्या दिवशी माझ्या आईलाही घास उतरला नव्हता, ते मला आठवलं. मी कणीस मोडलं आणि अर्धं तिच्या हातात दिलं.

"सार्थक, त्यांना सांग. दर वर्षी आमची छाटणी उरकली की नेलिदाला महिनाभर इकडे पाठवीन. आणि पहिल्या वर्षी मी स्वतः घेऊन येईन."

सार्थकने सांगितलं. फेलिपाने कणसाचा एक दाणा तोडून तोंडात टाकला, मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटी भरली. नारळ विमानतळावर गेलेला, म्हणून त्याच्या जागी कणसं घेतली. खण आणि एक कणीस नेलिदाच्या ओटीत, दुसरं फेलिपाच्या. दोघी ॲप्रनचा झोळ करून कशा उभ्या राहिल्या होत्या ते यांनी फोनमध्ये घेतलं आहे.

तिथे नेटवर्क फक्त घरामागच्या एका दगडावर येतं. नाशिकात संध्याकाळ झाली असेल असा हिशेब करून मी त्या दगडावर चढले. फेलिपा कणगीतून मका काढत शेजारीच उभी होती. सासूबाईंनी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"जेवले का?"

"जेवलो, आत्याबाई."

"पोटभर?"

"पोटभर."

"तिची आई हाय का तिथं? दे तिला."

"त्यांना मराठी येत नाही."

"दे म्हटलं ना."

मी फोन फेलिपाच्या कानाला लावला. सासूबाई बोलत होत्या, फेलिपा मान हलवत होती, मग फेलिपा बोलू लागली आणि पलीकडून "हां, हां" ऐकू येत होतं. पाच मिनिटं दोघी एकमेकींना काहीतरी सांगत राहिल्या. फेलिपाने डोळे पुसले, हसली आणि फोन मला परत दिला.

"काय सांगितलंत हो तिला एवढं?" मी विचारलं.

"सांगितलं, काळजी करू नको. तुझी पोरगी आमच्या घरात सगळ्यांच्या आधी जेवंल."

तीस वर्षं मी त्या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवले आहे. पण ती वेळ ते काढण्याची नव्हती. मी "बरं, आत्याबाई" म्हणाले आणि फोन ठेवला. घरी गेल्यावर बघू.